उपकारस्तुतीच्या आधी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुतीची सभा कशासाठीही ठेवतात. पोरगं बारावी पास झालं, म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं, हायवेवर ट्रक उलटला आणि आपला ड्रायव्हर वाचला, की अंगणात सतरंज्या पडतात. पेटी-ढोलकी येते, पाळकसाहेब चार शब्द बोलतात. मग घरातलं माणूस उभं राहून साक्ष देतं, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतं. मग प्रार्थना, मग जेवण. मी लहानपणापासून अशा सभांमध्ये वाढले. माझ्याच घरी, माझ्याच लग्नाच्या वाढदिवसासाठी ठेवलेल्या सभेत मला दोन वाक्यं जड जातील असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

आम्ही उमरग्याला राहतो. नवरा एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर आहे आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवतो. तोंडावर मी त्याला ‘अहो’ म्हणते. लिहिताना ‘तो’ म्हणणार आहे, एवढी सूट मला असावी.

पेटीवर त्याचा हात चांगला आहे, हे रागातही कबूल करायला हवं. फक्त पट्टी तो स्वतःच्या गळ्याची धरतो. मग बायकांनी एक तर घोगऱ्या आवाजात ओढायचं, नाहीतर वर चढून किंचाळायचं. वर्षानुवर्षं आम्ही किंचाळत आलो. पाळकीणबाई कौतुकानं म्हणत, आपल्या बायकांची बाजू कशी जोरात आहे.

माझ्या सासूबाई अणदूरजवळच्या एका खेड्यात राहतात. मी त्यांना आत्या म्हणते. गेल्या उन्हाळ्यात त्यांचे डोळे दाखवायचे होते म्हणून मी त्यांना आणायला गेले. परत येताना आम्ही दोघी अणदूरच्या फाट्यावर उमरग्याच्या बसची वाट बघत उभ्या होतो. समोरच्या गल्लीच्या तोंडाशी एका घरापुढं मोटारसायकल लावलेली होती. त्या रस्त्यावर कुणाच्या गाडीवर खंडोबा असतो, कुणाच्या येडेश्वरी. हिच्या मडगार्डवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘देव माझा वाटाड्या’. ती अक्षरं पेंटरकडून काढून घेताना मी शेजारीच उभी होते.

तो सकाळीच सोलापूरला औषधं आणायला म्हणून निघालेला होता.

माझ्या मनानं आधी निमित्तं शोधली. गाडी बिघडली असेल, पाणी प्यायला थांबला असेल. तेवढ्यात तो त्या घरातून बाहेर आला. टॉवेलनं तोंड पुसत. टॉवेल पिवळा होता, आमच्या घरी पिवळा टॉवेल नाही. मागून एक बाई आली, त्याच्या हातातून टॉवेल घेतला आणि दोरीवर टाकला. दोघं एकमेकांशी बोललेही नाहीत. बोलायची गरज पडू नये इतकं ते सवयीचं होतं, आणि मला सगळं कळलं ते त्यावरून. मी आत्यांकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांवर सारा चढून नजर अंधूक झाली होती, पण आपलं लेकरू त्यांना कुठूनही दिसतं. त्या एवढंच म्हणाल्या, “यष्टी आली. चल.”

बसमध्ये त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी खिडकीतून उसाच्या गाड्या बघत बसले आणि आत्यांचा मला भयंकर राग आला. लेकाला पाठीशी घालणार, दुसरं काय, असं मी मनात धरलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, “इंजेक्शन द्यायला गेलो होतो. पेशंट आहे.” मी म्हटलं, टॉवेल? तर म्हणाला, हात धुतल्यावर माणूस टॉवेल मागतं. मग आवाज चढवून म्हणाला, “तू लई संशयी झालीयस. देवाला भिऊन ऱ्हा.” पुढं कित्येक आठवडे तो मला संशयी म्हणत राहिला. शेजारणीपाशी म्हणाला, आमच्या मुलीला लातूरला फोन करून म्हणाला, दवाखान्यात हसत हसत म्हणाला. बाहेरख्यालीपणाचं दुःख मोठंच असतं. पण आपण डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवलं जातं तेव्हा डोकं फिरायची वेळ येते. मी भांडी घासताना स्वतःला विचारू लागले, टॉवेल खरंच पिवळा होता का?

प्रार्थना करायला गुडघे टेकले की शब्द येत नसत. एकच वाक्य यायचं. देवा, तू तर बघितलंस ना? शास्त्रात, म्हणजे बायबलात, एका दासीची गोष्ट आहे, तिला घरातून निघून रानात जावं लागतं. देव तिला तिथं गाठतो आणि सगळ्यात आधी विचारतो, कुठून आलीस, कुठं चाललीस? ही गोष्ट मी संडे स्कूलच्या मुलांना कितीदा शिकवली होती. उपदेश नाही, ‘धीर धर’ नाही, आधी तिलाच विचारणं. त्या दिवसांत मला हे फार मोठं वाटलं, कारण मला तेवढंही कुणी विचारत नव्हतं.

अशी गोष्ट झाकून राहत नाही. अणदूरकडचं कुणीतरी मंडळीत बोललं. पाळकसाहेबांनी आणि दोन पंचांनी त्याला बोलावून घेतलं. पाळकसाहेब वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, मनानं सरळ. त्या खोलीत तो रडला, पाया पडला, सगळं कबूल केलं, पुन्हा जाणार नाही अशी शपथ घेतली. तिघांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्याला क्षमा झाल्याचं सांगितलं.

हे मला कळलं दुसऱ्या दिवशी. पाळकसाहेब घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. म्हणाले, “भगिनी, प्रभूनं विजय दिला! बंधूंनी मन मोकळं केलं.”

मी विचारलं, “काय म्हणाले?”

ते थोडे अडखळले. “ते आता प्रभूच्या रक्तानं धुतलं गेलं. आपण परत उकरायचं नाही.”

म्हणजे माझा गुन्हेगार तीन पुरुषांपुढं रडला, तीन पुरुषांनी त्याला माफ केलं, आणि तो नेमकं काय म्हणाला हे मला सांगायचं नाही. तो बाजूलाच खाली मान घालून बसला होता. मला त्यानं त्या दिवशीही काही सांगितलं नाही, पुढंही नाही. त्याच्या हिशेबी कबुली झालेली होती.

वर पाळकसाहेबांनी सुचवलं की लग्नाचा वाढदिवस जवळ आलाय, तर उपकारस्तुती ठेवा. लोकांची तोंडं बंद होतील, तुम्ही साक्ष द्या की देवानं घर सावरलं. पंचांना ते पसंत पडलं, नवऱ्याला तर फारच पसंत पडलं. तारीख ठरली आणि रविवारी जाहीरही झाली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आम्हा लोकांची ही खोडच आहे. देवाचे उपकार मानायची इतकी घाई असते, की उपकार झालेत का हे बघायचं राहून जातं.

मला सभेची भीती नव्हती, साक्षीची होती. माझ्या आईनं मला शिकवलं होतं की साक्ष देताना आपण माणसांपुढं नाही, देवापुढं उभे असतो. तिथं खोटं बोलायचं म्हणजे त्याच्याच तोंडावर बोलायचं. साक्ष नाही दिली, तर भर मंडळीत घराचा पंचनामा होणार, मुलीच्या कानावर जाणार, बहुधा संसारही जाणार. दिली, तर मी रोज ज्याला ‘तू तर बघितलंस ना’ म्हणते, त्यालाच सांगणार की तू काही बघितलं नाहीस. मग माझ्यापाशी उरणार तरी कोण?

सभेच्या दिवशी सकाळपासून घरात माणसांची ये-जा. आत्या आदल्या दिवशीच आल्या होत्या. त्या चुलीपाशी बसून कांदे चिरत होत्या, तशाच गप्प. मी रस्सा ढवळत होते. तो नवा शर्ट घालून आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, “दोनच वाक्यं बोल. देवानं आमचं घर राखलं, त्याचे उपकार. बस. पुढं मी लगेच गीत धरतो.”

“आणि नाही बोलले तर?”

“तर माझी पेटी जाईल. लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार न्हाय.” मग आत्यांकडं बघत म्हणाला, “आई, तू तरी सांग हिला.”

आत्यांची सुरी क्षणभर थांबली, परत चालू झाली. “मला कांदं चिरू दे,” त्या म्हणाल्या.

तो गेला. थोड्या वेळानं पाळकीणबाई आल्या, पदर खोचून लसूण सोलायला बसल्या आणि मला धीर द्यायला लागल्या. बाई प्रेमळ आहेत. माझ्या आजारपणात रात्रीची जागलेली बाई ती. पण त्या दिवशी म्हणाल्या, “झाकली मूठ सव्वा लाखाची गं. पुरुष चुकतो, बाई सावरते. तू सोसलंस तर देव तुला मुकुट देईल.”

“मुकुट राहू द्या,” मी म्हटलं. “मला फक्त खोटं बोलायला लावू नका.”

“खोटं कसं? विश्वासानं बोलायचं. जे झालं नाही ते झाल्यासारखं.”

“मग माझ्या नवऱ्याचं पण तेच चाललं होतं की, बाई. सोलापूरला न जाता गेल्यासारखं.”

पाळकीणबाईंचं लसूण सोलणं थांबलं. आत्यांच्या घशातून कसलासा आवाज आला. खोकला असावा असं मला वाटलं.

संध्याकाळी अंगण भरलं. म्हाताऱ्यांनी ‘सलाम’ केला, तरण्यांनी ‘जय ख्रिस्त’. शेजारच्या मराठ्यांच्या बायकाही आल्या होत्या. त्या नेहमी येतात, आमची गाणी त्यांना आवडतात. आम्हा नवरा-बायकोला पुढं, पाळकसाहेबांच्या समोर बसवलं. त्याच्यापुढं पेटी होती. एक गीत झालं, दुसरं झालं. नेहमीसारखी त्याचीच पट्टी. माझ्या तोंडून सूर निघेना, मी नुसते ओठ हलवत होते. पाळकसाहेबांनी क्षमेवर उपदेश केला. चांगला केला. मला त्यातलं काहीही आठवत नाही, फक्त आता संपेल, आता संपेल, असं होत होतं.

मग ते म्हणाले, “आता आपल्या भगिनी साक्ष देतील.”

मी उभी राहिले. हातातलं शास्त्र पडेल म्हणून छातीशी घट्ट धरलं. समोर सगळे मायेनं बघत होते, काही नुसतेच टवकारून. त्याची बोटं पेटीवर तयार होती, माझं दुसरं वाक्य संपलं की गीत धरायला. मी तोंड उघडलं आणि खरंच, ‘देवानं’ इथपर्यंत बोलले. पुढचा शब्द काही केल्या येईना. कुणीतरी मागून ‘आमेन’ म्हणालं. आमच्याकडं अडलेल्या माणसाला असाच टेकू देतात.

मी परत सुरुवात केली. “देवानं सगळं बघितलंय. म्हणून मला आज साक्ष देता येत नाही. माझं घर राखलं गेलंय की नाही, मला माहीत नाही. कबुली झाली म्हणतात. माझ्यापाशी झालेली नाही. मला अजून संशयी बाई म्हणूनच ठेवलंय. उपकारस्तुती मी करीन, पण आधी मला कळू द्या की कशाची.”

अंगणात ढोलकीवाल्यानं ढोलकी मांडीवरून खाली ठेवली, तेवढाच आवाज झाला. नवऱ्याची मान पेटीत गेली होती. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला, आणि त्यांनी अशा वेळी आमच्यात सगळेच करतात तेच केलं. म्हणाले, “आपण... आपण एक गीत घेऊ या.”

आमच्याकडं अवघड जागी नेहमी गीत येतं. भांडण झालं, गीत. पंचांचं जमेना, गीत. गाऊन झालं की कुणी तो विषय परत काढत नाही. नवऱ्यानं भात्याला हात घातला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. पेटीनं सूर धरला. मला वाटलं, संपलं. ही माणसं आता गाणार, सगळी गाणार, आणि मी वेडी ठरून खाली बसणार.

तेवढ्यात बायकांतून आत्या उठल्या. नीट दिसत नाही, म्हणून माणसांच्या खांद्यांना धरत पुढं आल्या. लेकाच्या समोर वाकल्या, त्याचा हात भात्यावरून उचलला, भाता दाबून बंद केला आणि वरची खिट्टी लावली. सूर अर्ध्यात मेला.

“गाणं नगं,” त्या म्हणाल्या. “लई गाणी झाली.”

“आई, बस खाली,” तो पुटपुटला.

“म्या तुज्या बापासाठी उभी ऱ्हायले व्हते. अशीच सतरंजी, अशीच पेटी. म्या म्हनले, देवानं माझं घर राखलं. घर कवाच मोडलं व्हतं. समद्यांनी गीत म्हनलं, मटण खाल्लं, गेले.” त्यांचा आवाज फाटला, पण थांबल्या नाहीत. “त्या साक्षीनं तुजा बाप सुधारला न्हाय. निर्धास्त झाला. मरंपर्यंत निर्धास्त झाला. फाट्यावर तुला बघितलं तवा माझी वाचा गेली रं. वाटलं, माझीच खोटी साक्ष तिथं टावेलनं तोंड पुसत हुबी हाय. हिला खोटं बोलाय लावू नगंस. बोल. हिच्याकडं बघून बोल.”

मला रडू फुटलं. इतके आठवडे मी ज्या बाईचा राग केला, तिची गप्प बसायची सवय किती जुनी आणि कशाची होती, ते मला तेव्हा कळलं.

तो पाळकसाहेबांकडं वळला. आत्यांनी त्याची हनुवटी धरून, लहान पोराची धरावी तशी, माझ्याकडं फिरवली.

“माझं चुकलं,” तो म्हणाला.

“काय चुकलं?” मी विचारलं.

“मी तिच्याकडं जात होतो. औषधांचं निमित्त करून. तू... तू फाट्यावर जे बघितलंस, ते तसंच होतं. पेशंट कुणी नव्हतं. तू संशयी नव्हतीस. मला माहीत असून मी तुला संशयी ठरवली.”

बस. एवढंच मला हवं होतं. त्यानं दुःख कमी झालं असं नाही. उलट त्या क्षणापर्यंत मनात कुठंतरी चिकटून राहिलेली वेडी आशाही गेली. पण पायांखाली जमीन आली. टॉवेल पिवळा होता, हे आता दोघांना माहीत होतं.

पाळकसाहेब म्हणाले, “भगिनी, आता तुम्ही क्षमा केली म्हणा.”

मी म्हटलं, “रोज प्रयत्न करते. अजून जमलेलं नाही. जमेल त्या दिवशी मीच सतरंज्या घालीन.”

मला वाटलं ते रागावतील. त्यांनी शास्त्र मिटलं आणि म्हणाले, “आमचं चुकलं. आम्ही तुम्हाला आधी विचारायला हवं होतं.” भर मंडळीत पाळकानं असं बोलणं सोपं नसतं. त्या दिवसापासून मी त्यांना मनापासून साहेब म्हणते.

रीतीप्रमाणं शेवटी नवरा-बायको गुडघे टेकतात आणि पाळक दोघांच्या डोक्यांवर हात ठेवतात. मी गुडघे टेकले. तो उठू लागला, पण जागेवरच बसून राहिला. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. आत्या हळूहळू, गुडघा धरत, तिथं टेकल्या. पाळकसाहेबांनी काही न बोलता एक हात माझ्या डोक्यावर ठेवला, एक त्यांच्या. काय प्रार्थना केली ते ऐकू आलं नाही, कारण आत्या माझा हात धरून मोठ्यानं रडत होत्या. त्यांच्या त्या जुन्या साक्षीचं ते ओझं असावं.

लोक जेवून गेले. रस्सा खारट झाला होता, कुणी बोललं नाही.

आता वर्ष होत आलं. त्यानं तिकडं जाणं सोडलंय, औषधं दवाखान्याचा दुसरा माणूस आणतो. मंडळीत पेटी काही महिने दुसऱ्यानं वाजवली. तो मागं चटईवर बसायचा. आम्ही एका छपराखाली राहतो, तो बाहेरच्या खोलीत झोपतो. मुलीला मीच सगळं सांगितलं. कधीकधी कुणी नवऱ्यानं फसवलेली बाई माझ्याकडं येते, वैनी, मी काय करू, असं विचारते. मी तिला मुकुटाचं सांगत नाही. तिला बसवते, चहा देते आणि विचारते, कुठून आलीस बाई, कुठं चाललीस? मग ती बोलते आणि मी ऐकते. देव खऱ्या माणसाजवळ बसतो, एवढं मी तिला छातीठोक सांगते. नवरा परत येईल का, हे मला सांगता येत नाही.

परवा सकाळी भाकरी थापताना माझ्या तोंडात आपसूक एक गीत आलं. कितीतरी महिन्यांनी. माझ्याच पट्टीत, सहज. दुसरं कडवं म्हणताना दाराकडं लक्ष गेलं. तो चौकटीपाशी उभा होता, किती वेळ कोण जाणे.

“पेटी काढू का?” त्यानं विचारलं.

मी तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबले. “काढा,” मी म्हटलं. “पण मी गाते तिथनं धरा.”

त्यानं कपाटावरून पेटी काढली, खिट्टी सोडली, भाता ओढला. पहिला सूर त्याच्याच सवयीचा लागला. मी गायचं थांबवलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बोट उचललं, आणि पुढची पट्टी दाबून बघितली. तीही माझी नव्हती. मी पीठ मळत राहिले. तो एकेक पट्टी दाबत, कान देत, शोधत राहिला.